कारण : कडुबा

दसऱ्याला नागपूरला गेलेला कडुबा परत आला तो घरी न जाता थेट कामावरच आला. रात्रभर एस.टी.त उभं राहून पाय सुजले होते, कपडे धुळीनं माखले होते, पण मन कसं प्रसन्न होतं. दीक्षाभूमीवरची ती गर्दी, ते निळे झेंडे, विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या घोषणा अजून कानांत होत्या. मायसाठी घेतलेली बुद्धाची छोटी मूर्ती त्यानं शबनममध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. कारखान्याच्या गेटातून तो आत शिरला आणि समोरच्या फळ्यावर त्याची नजर गेली.

'कॉम्प्युटर बंद. कारण : कडुबा.'

अक्षर खुद्द मालकांचं, आप्पासाहेबांचं. टपोरं, वळणदार, गेटातून वाचता येईल असं.

आता या फळ्याविषयी आधी सांगायला हवं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आप्पासाहेबांचा छोटा कारखाना होता. वाळूजच्या एका मोठ्या कंपनीला ते सुटे भाग करून द्यायचे. मागं कधीतरी ते पुण्याला जपानी कारखान्यांवरचं व्याख्यान ऐकायला गेले आणि येताना हा फळा घेऊन आले. कुठलंही मशीन बंद पडलं की त्याचं नाव आणि बंद पडण्याचं कारण फळ्यावर लिहायचं. माणसाची चूक असेल तर त्या माणसाचं नाव लिहायचं. आणि ती ओळ दुसऱ्या कुणी पुसायची नाही. ज्याचं नाव, त्यानंच तीनच्या भोंग्याला दोन्ही पाळ्यांसमोर उभं राहायचं, काय चुकलं ते आपल्या तोंडानं सांगायचं आणि आपल्या हातानं पुसायचं. चुकीला धनी पाहिजे, असं आप्पासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. इतक्या वर्षांत फळ्यावर टर्नर आले, वेल्डर आले, हमाल आले. आप्पासाहेबांचं नाव कधी आलं नाही, आणि त्यांचे मॅनेजर सर्जेराव यांचंही नाही. मोठ्या माणसांच्या हातून चुका होतच नसाव्यात.

झाडलोट करणारी कस्तुराबाई फळ्याखालीच फडकं पिळत होती. रोज सकाळी फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, नावाच्या ओळी तेवढ्या सोडायच्या, हे तिचं काम.

"मावशी, हे काय?" कडुबानं विचारलं.

कस्तुराबाईनं आधी केबिनकडं पाहिलं आणि मग आवाज खाली घेतला. "तू गेला अन् हितं लई तमाशा झाला, बाबा. खंडेनवमीची पूजा व्हती ना."

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक मशीन धुऊन-पुसून त्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा, ही जुनी रीत. त्यात वावगं काही नाही. कडुबाही आपल्या हातानं लेथ पुसून द्यायचा. पण यंदा आप्पासाहेबांच्या मनात आलं की सगळी मशीनं एका पंगतीला बसणार, मग सगळ्यांत महागाचा तो कॉम्प्युटरच एकटा खोलीत का? आणा त्यालाही बाहेर. चौघांनी मिळून तो उचलला. बंद करून उचलला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण सर्जेरावांनी त्याच्या पडद्यावर 'शुभ दसरा' अशी अक्षरं उमटवून घेतली होती आणि ती पाहुण्यांना दिसायला हवी होती. म्हणून लांब वायर जोडून चालूच्या चालू मशीन वरातीतल्या नवरदेवासारखं मिरवत शॉपमध्ये आणलं आणि लोखंडी टेबलावर ठेवलं.

"अन् तुझ्या त्या काळ्या चौकोनी चकत्या नाय का," कस्तुराबाई म्हणाली, "त्या समद्या म्होरं मांडल्या, विड्याच्या पानावानी. दर चकतीला हळदकुंकू. वरून पाणी शिंपडलं. मंग साहेबांनी त्याच टेबलाच्या कडंवर नारळ आपटला. पैल्यांदा फुटंना. दुसऱ्यांदा फुटंना. तिसऱ्यांदा असा आपटला का टेबल हाललं. नारळ फुटला अन् त्या डब्यातून खर्रर्र असा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजिवल्या."

टाळ्या वाजवल्या!

तो खर्रर्र आवाज कशाचा ते त्याला न बघता कळलं. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन तो या कॉम्प्युटरच्या कामाला लागला तेव्हा पहिली गोष्ट त्याला हीच शिकवली होती. हार्ड डिस्कच्या पेटीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. मशीन चालू असलं की त्या भन्नाट वेगानं फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर तरंगतं, मधे केसही मावणार नाही इतक्या अंतरावर. मशीन हलवायचं असेल तर आधी हुकूम देऊन ते टोक कडेच्या जागी नेऊन बसवायचं, मग बंद करायचं, मगच हात लावायचा. नाहीतर एका हिसक्यात टोक तबकडीवर आदळतं आणि वरचा थर खरवडून काढतं. थर गेला की त्यावर लिहिलेलंही गेलं. नागपूरला निघताना त्यानं सर्जेरावांना हे बजावून सांगितलं होतं. डब्यावर पांढरी पट्टीही चिकटवली होती, 'चालू असताना हलवू नये.' त्या पट्टीवरूनच झेंडूची माळ घातली होती.

आणि त्या काळ्या चकत्या म्हणजे फ्लॉप्या. डिस्कला कधी काही झालंच तर हाताशी असावं म्हणून दर शनिवारी कडुबा सगळे आकडे त्यांच्यावर उतरवून कपाटात ठेवायचा. म्हणजे मूळ गेलं पूजेत, आणि मूळ गेलं तर उपयोगी पडावं म्हणून ठेवलेलं तेही पूजेतच. एवढं सगळं जमवून आणायलासुद्धा अक्कल लागते.

तो तसाच केबिनमध्ये गेला.

"आलास?" आप्पासाहेबांनी वर न बघता विचारलं. "झालं का नागपूर?"

"साहेब, फळ्यावर माझं नाव आलंय."

"येणारच. मशीन तुझ्या ताब्यात. तू जाताना काहीतरी करून गेलास, म्हणून ते बंद पडलं."

"मी काय केलं?"

"ते तूच सांग. मला त्यातलं काय कळतं?"

बाजूच्या खुर्चीतून सर्जेराव हसले. "काय आहे साहेब, सध्या या लोकांची डोकी तापलेली आहेत. मोर्चे काय, घोषणा काय. राग कुठंतरी निघायचाच."

या लोकांची! कडुबाच्या कानशिलात आग उठली. पण त्यानं आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर तोच पुरावा झाला असता.

"साहेब, मी होतो तोवर मशीन चालू होतं. तुमच्या पूजेत त्याच्यावर अक्षरं दिसत होती, अख्ख्या शॉपनं पाह्यलं. चालू मशीन उचललं, शेजारी तीनदा नारळ आपटला. त्यानं डिस्क गेली."

आप्पासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे देवाच्या पूजेनं मशीन बिघडलं म्हणतोस?"

"पूजेनं नाय साहेब. दणक्यानं."

"अरे, वीस वर्षं मी लेथवर नारळ फोडतोय. एक लेथ कधी बंद पडलं नाही."

लेथ म्हणजे लोखंडाचा धोंडा, त्याला नारळ काय आणि हातोडा काय! हे कडुबाच्या ओठांवर आलं होतं, पण आप्पासाहेबांनी हात वर केला. "हे बघ, मी तुझ्या पोटावर पाय देत नाही. तीन वाजता फळ्यासमोर उभा राहा. चुकलो म्हण. ओळ पूस. विषय संपला. पण जोवर पुसत नाहीस, तोवर कामावर यायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा."

तीनचा भोंगा झाला. दोन्ही पाळ्या फळ्यासमोर जमल्या. कडुबा पुढं येऊन उभा राहिला आणि एकेका चेहऱ्याकडं बघू लागला. याच माणसांनी मशीन उचललं होतं. यांनीच टाळ्या पिटल्या होत्या. एकानं, फक्त एकानं जरी म्हटलं असतं की नाही साहेब, आमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी त्याला पुरेसं होतं. पण ज्याच्या डब्यातली भाकरी कडुबानं वर्षानुवर्षं खाल्ली होती तो टर्नरसुद्धा आपल्या चपलांकडं बघत उभा होता. जिभा जणू सगळ्यांनी घरी खुंटीला टांगून ठेवल्या होत्या.

कडुबानं फळ्याला हात लावला नाही. शबनम उचलली आणि तो गेटातून बाहेर पडला.

मुकुंदवाडीतल्या खोलीत मायनं, मंजुळाबाईनं, मूर्ती फळीवर ठेवली, तिला हात जोडले आणि मग लेकाचं सगळं ऐकून घेतलं.

"पुसून टाक ना, बाबा," ती म्हणाली. "खडूच तं हाय. पुसलं का गेलं. नोकरी कोण देतंय दुसरी?"

शेजारीपाजारीही दोन दिवस तेच सांगत होते. ताठ्यानं पोट भरत नाही म्हणत होते. कडुबा सगळ्यांचं ऐकून घेत होता, पण मायनं पुन्हा तेच म्हटल्यावर मात्र त्याचा तोल सुटला.

"माय, आपलं घर कशानं जळालं?"



पहिल्यांदा नामांतराचा ठराव झाला त्या साली कडुबा चौथीत होता. गावातल्या त्यांच्या वस्तीला आग लावली गेली तेव्हा तो मायच्या पदराला धरून ज्वारीच्या रानात लपला होता. लावणाऱ्यांचे चेहरे त्यानं पाहिले होते, त्यांतल्या दोघांना तो काका म्हणायचा. मागाहून पंचनामा झाला. आगीचं कारण काय लिहिलं? चुलीतली ठिणगी उडाली. म्हणजे जळालं त्यांचं घर, आणि जाळणारीही त्यांचीच चूल. त्या दिवशी घरात पीठ नव्हतं. चूल पेटलीच नव्हती.

"तवा बापानं अंगठा उठवला," कडुबा म्हणाला. "त्याला वाचता येत नव्हतं. मला येतं, माय. मी कसा उठवू?"

सकाळी चहाचा कप पुढं करताना मंजुळाबाई एवढंच म्हणाली, "नको पुसू."

दिवस गेले. कडुबा बाजारात मिळेल ते काम करू लागला, कुणाचं टायपिंग, कुणाच्या दुकानातलं मशीन दुरुस्त करणं. तिकडं कारखान्यात आप्पासाहेबांनी डिस्क पुण्याला पाठवली. पुणेकरांनी ती महिनाभर ठेवून घेतली आणि 'काही होणार नाही' असं सांगून परत धाडली. इथवर कुणाला फारशी फिकीर नव्हती. पण जानेवारीत वाळूजच्या कंपनीची माणसं तपासणीला येणार असं कळलं आणि केबिनमध्ये धावपळ उडाली. त्यांना आजवर दिलेल्या प्रत्येक भागाच्या मापांची नोंद बघायची होती. ती मापं कडुबानं रोज शॉपमध्ये फिरून, स्वतः घेऊन, कॉम्प्युटरात भरली होती. ती नाहीत म्हटल्यावर वाळूजचं काम गेल्यातच जमा होतं.

मग एका दुपारी सर्जेराव मुकुंदवाडीत आले. कधी न आलेला माणूस, गल्लीत स्कूटर कुठं लावावी ते त्यांना कळेना. हातात प्लास्टिकची पिशवी होती, तीत त्या फ्लॉप्या आणि पुण्याहून परत आलेली डिस्क. फ्लॉप्यांना अजून सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिकटून होत्या.

"कडुबा, तू हुशार पोरगा आहेस. यातून काही निघतंय का बघ."

"आणि फळ्यावरची ओळ?"

"बघतील की साहेब. आधी काम तर होऊ दे. अरे, आपलाच कारखाना आहे."

आपलाच! नाव फळ्यावर टांगताना तो आपला नव्हता. पिशवी त्यांच्या तोंडावर फेकावी असं कडुबाला फार वाटलं. पण त्या चकत्यांवर त्याची वर्षं होती. शिवाय ती मापं मेली असती तर फळ्यावरचं खोटं कायमचं खरं झालं असतं. त्यानं पिशवी घेतली.

सिटी चौकाजवळ गयासचं टी.व्ही. आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. अलीकडं त्यानंही एक कॉम्प्युटर घेतला होता. पिशवी उघडून त्यानं एक फ्लॉपी नाकाशी धरली.

"या अल्ला! इसको तो पूरा दुल्हन बना दिया रे. मियाँ, फेक दे. नक्को कर. जिन लोगां तेरा नाम खराब करे, उनका काम तू काय कू करता?"

"काम त्यांचं नाय, गयास. माझंय."

गयास पुटपुटत उठला आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन आला.

मग दोघं कामाला लागले. फ्लॉपीचं काळं वेष्टन ब्लेडनं कडेला चिरायचं, आतली पापडासारखी पातळ चकती अलगद बाहेर काढायची, बोट फक्त कडेला लावायचं. बशीत पाणी घेऊन ती हलवायची. पाणी लालपिवळं व्हायचं, ओतून द्यायचं, दुसरं घ्यायचं. निथळली की दोरीवर वाळत घालायची, मग कोऱ्या फ्लॉपीच्या वेष्टनात सरकवून मशीनमध्ये घालायची. मशीन कुरकुर करायचं, वाचता येत नाही म्हणायचं. पुन्हा सांगायचं. पुन्हा नाही म्हणायचं. काही चकत्या दहादा नाही म्हणून अकराव्यांदा हो म्हणाल्या. काही शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

पण शेवटच्या शनिवारच्या फ्लॉप्या, ज्यांच्यावर सगळ्यांत नवी मापं होती, त्या मात्र कोऱ्या निघाल्या. धुतल्यावर डाग नाही, ओरखडा नाही, आणि आत काही नाही. कडुबानं दुसऱ्या दिवशी सर्जेरावांना फोन लावला.

"नवी डिस्क बसवल्यावर त्या मी एकदा मशीनमध्ये घालून पाहिल्या होत्या," सर्जेराव जरा चाचरत म्हणाले. "काहीतरी दाबलं. त्यानं इंग्रजीत विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं."

कडुबानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. सगळं पुसून टाकू का, असं मशीननं सभ्यपणानं विचारलं होतं, आणि मॅनेजरसाहेबांनी सभ्यपणानं होकार दिला होता. ही चूक फळ्यावर कधीच येणार नव्हती.

"गया क्या सब?" गयासनं विचारलं.

"नाय जात." कडुबानं खुर्ची पुढं ओढली. "पुसलं म्हटलं तरी हे यंत्र काय पुसत नसतं. नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि जागा मोकळी झाली असं धरून चालतं. खाली सगळं जसंच्या तसं पडून राहतं. त्याच जागेवर दुसरं काही लिहीस्तोवर ते मरत नाय."

त्यानं एकेका नावाचं खोडलेलं अक्षर परत भरायला सुरुवात केली. मापं वर येऊ लागली. ती ओळखीची मापं बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच रागही आला, की हे पाणी आपल्याला त्यांच्यामुळं यावं.

तोवर गयासनं पुण्याहून आलेल्या डिस्कचे स्क्रू काढून तिचं झाकण उघडलं होतं. आतल्या चकचकीत तबकडीवर एक चरा होता, कंपासानं काढावा असा गोल, पुरा एक फेरा घेतलेला. तबकडी थांबलेली असती तर टोक आदळून टिंब उमटलं असतं. गोल चरा उमटतो तो फिरत्या तबकडीवरच. कडुबानं ती तबकडी टॉवेलात गुंडाळली, त्याच टॉवेलात, ज्यातून मूर्ती आली होती.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. मुकुंदवाडीत रात्री ढोल वाजले, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी कडुबा फ्लॉप्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेला. फळ्यावरची ओळ तशीच होती. इतक्या दिवसांत खडू थोडा विटला होता, पण कस्तुराबाईचं फडकं इमानदारीनं तिच्या भोवतीनं फिरत राहिलं होतं.

आप्पासाहेबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. नवी डिस्क बसवून ठेवलेलीच होती. कडुबानं मापं चढवली, एक कागद छापून दाखवला. थोडी मापं गेली होती, बाकी सगळी परत आली होती. आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खणातून तिळगुळाचा डबा काढला.

"घे. तिळगूळ घे, गोड बोल. तुमचं ते विद्यापीठाचंही झालं ना मनासारखं? आता सगळं विसरून उद्यापासून कामावर ये."

कडुबानं तिळगूळ हातात घेतला, तोंडात टाकला नाही. त्यानं टॉवेल सोडला आणि तबकडी टेबलावर ठेवली.

"साहेब, हा चरा बघा. मशीन फिरत होतं तेव्हाच हा पडलाय. मी तवा नागपूरच्या गाडीत होतो. एवढं तीन वाजता सगळ्यांसमोर सांगा. मला दुसरं काय नको."

"आहे एक चरा. असेल. त्यात काय?"

"माझं नाव फळ्यावर आहे."

"अरे, तू ऐकतच नाहीस!" आप्पासाहेब उखडले. "मी सांगू? कामगारांसमोर उभा राहून मी सांगू, की माझं चुकलं? आणि कुणाला, तुला?"

ते 'तुला' कसं आलं ते कडुबालाच ऐकू आलं असं नाही. दारात तीनच्या भोंग्यासाठी जमू लागलेल्या माणसांनाही ऐकू आलं. आप्पासाहेबांनी तिकडं पाहिलं, जरा वरमले, आणि उठून तरातरा फळ्याकडं गेले. खिशातला रुमाल काढून त्यांनी ती ओळ खसाखसा पुसली. आपलाच नियम आपण मोडतोय, हे बहुधा त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"घे. पुसलं. मिटलं? आता काय राहिलं?"

कडुबा फळ्याजवळ गेला. पांढऱ्या धुरकट पट्ट्याखाली अक्षरं अजून वाचता येत होती. क, डु, बा. वापरून वापरून काळा रंग गेलेल्या त्या फळ्यात ती पार रुतून बसली होती. इतके दिवस घरी, बाजारात, झोपेत, त्यानं हीच ओळ बघितली होती. ती रिकामी झाल्यानं त्याचं काही भागणार नव्हतं. रिकाम्या जागेवर उद्या कुणीही काहीही वाचलं असतं.

"पुसल्यानं जात नसतं, साहेब," तो म्हणाला. "त्याच जागेवर खरं ते लिहावं लागतं."

त्यानं खडू उचलला आणि आपल्या नावावरूनच, टपोऱ्या, गेटातून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं :

'कॉम्प्युटर बंद. कारण : नारळ. नाव : आप्पासाहेब.'

मशीनं थांबली होती, त्यामुळं खडू ठेवल्याचा आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू गेला.

"पूस ते!" आप्पासाहेब ओरडले.

"मी कसं पुसू? माझं नाव नाय त्यात."

"सर्जेराव!"

सर्जेराव एक पाऊल पुढं आले, वर नाव कुणाचं ते त्यांनी पुन्हा वाचलं आणि ते जागीच थबकले. जमलेल्यांतला कुणी हसला नाही, पण आज कुणी चपलांकडंही बघत नव्हता. शेवटी आप्पासाहेबांची नजर बादलीजवळ उभ्या असलेल्या कस्तुराबाईवर गेली.

"कस्तुरा, फळा पूस!"

कस्तुराबाई पुढं आली. तिनं फडकं बादलीत बुडवलं, नीट पिळलं आणि फळा पुसायला लागली. वरून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोपरा न् कोपरा. रुमालानं केलेला धुरकट पट्टासुद्धा तिनं अक्षरांच्या मधून मधून बोट घालून साफ केला. पुसून झालं तेव्हा फळा काळाभोर झाला होता आणि मधे ती एकच ओळ राहिली होती, आधीपेक्षा ठळक.

"ही का ठेवली?" आप्पासाहेबांचा आवाज चिरकला.

कस्तुराबाईनं फडकं खांद्यावर टाकलं. "ज्याचं नाव त्यानंच पुसायचं असतं, साहेब. काय चुकलं ते सांगून. तुमचाच नेम हाय."

तीनचा भोंगा झाला. दोन्ही पाळ्या रोजच्यासारख्या फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि साहेब कधी पुढं येतात त्याची वाट बघू लागल्या.